विणलेली चौकडी आणि छापलेली चौकडी

बेळगावच्या खडेबाजारातील एका कापड दुकानात पडद्यांसाठी आणि पलंगपोसांसाठी जुन्या युरोपीय भौमितिक नक्ष्यांचा सुती माल आला आहे. त्यातील विणलेला माल अवश्य घ्यावा, छापलेल्याच्या वाटेला मात्र जाऊ नये, असे माझे मत आहे.

या नक्ष्या मुळात मागावर, धाग्यांच्या मोजणीतून घडलेल्या आहेत. हाउंडस्टूथचेच पाहा. ताण्यात म्हणजे उभ्या धाग्यांत चार गडद आणि चार फिके धागे, बाण्यात म्हणजे आडव्या धाग्यांतही तोच क्रम आणि दोन धागे वर, दोन खाली अशी ट्विलची, म्हणजे तिरप्या रेघांची, वीण असली की दातेरी चौकोन आपोआप उमटतो. स्वीडनमध्ये गेरुम येथील दलदलीत सापडलेल्या, ख्रिस्तपूर्व काळातील लोकरी झग्यावर हीच नक्षी आहे. दुकानातील काळे-पांढरे हाउंडस्टूथ उलटून पाहिले, तर मागच्या बाजूलाही दाते तितकेच ठसठशीत दिसतात. टार्टन, म्हणजे रंगीत पट्ट्यांची स्कॉटिश चौकडी, हेही खरेखुरे विणलेले आहे. लाल पट्टा हिरव्याला छेदतो तिथे दोन्ही रंगांच्या बारीक तिरप्या रेघा स्पष्ट मोजता येतात. त्यावरील चिठ्ठीत मात्र ही एका प्राचीन स्कॉटिश कुळाची खूण असल्याचे लिहिले आहे, ते फारसे मनावर घेऊ नये. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात पुरुषांच्या टार्टनवर १७४६ च्या कायद्याने घातलेली बंदी १७८२ मध्ये उठली आणि प्रत्येक कुळाला ठरावीक टार्टन नेमून देण्याची पद्धत बहुतांशी त्यानंतरच रूढ झाली.

छापील हेरिंगबोनने, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या नागमोडी रेघांच्या नक्षीने, निराशा केली. खऱ्या हेरिंगबोनमध्ये ट्विलची दिशा ठरावीक धाग्यांनंतर उलटते, त्यामुळे उजेडात एक पट्टा चमकतो आणि शेजारचा मंद दिसतो. इथे साध्या विणीच्या कापडावर नुसत्या रेघा आहेत, मागची बाजू फिकट आहे आणि छपाई धाग्याला तिरकी गेल्याने सरळ कापलेला पडदाही वाकडा वाटतो. दर जवळजवळ सारखाच असूनही विणलेले कोणते आणि छापलेले कोणते, हे कुठेही लिहिलेले नाही. विचारल्यावर “दोन्ही एकच की हो” असे उत्तर मिळाले. शहापूर-वडगावच्या मागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्या गिऱ्हाइकाला हे सांगायचे, म्हणजे धाडसच!

टार्टनचे पडदे शिवायचे असल्यास जोडावर चौकडी जुळावी म्हणून प्रत्येक पाटामागे नक्षीच्या एका पूर्ण आवर्तनाइतके कापड जास्त घ्यावे आणि शिंप्याकडे देण्यापूर्वी ते धुऊन आटवून घ्यावे.