८७ टक्के अ‍ॅक्युरसीची शीट दाखवून माझे २,२७,७५० रुपये घालवले, तुम्ही तरी आधी छेद विचारा

शेअर बाजाराच्या टिप्स विकणाऱ्या एका ग्रुपच्या नादात एकूण गेले २,२७,७५० रुपये. पहिली फी ११,८००, म्हणजे १०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, मग "प्रीमियम डेस्क"चे २९,५००, आणि त्यांच्या कॉलवर, म्हणजे काय कधी घ्यायचं ह्या सल्ल्यावर, घेतलेल्या ऑप्शन ट्रेडमधला (भाव वर जाईल की खाली ह्यावरचे सौदे) तोटा १,८६,४५०. आकडे पूर्ण लिहितोय कारण लाजेपायी माणूस "थोडे गेले" म्हणून विषय बंद करतो आणि ह्या लोकांचं नेमकं तिथेच फावतं.

टिप्स देणारे ग्रुप कसे चालतात ते सगळ्यांना माहीत आहे, फ्री ग्रुप, नफ्याचे स्क्रीनशॉट, मग गोड आवाजात फोन, ते परत सांगत बसत नाही. मलाही माहीत होतं. म्हणून तर संताप जास्त होतोय. मला कोणी गाड्यांचे फोटो दाखवले नाहीत, महिन्यात डबल वगैरे काही बोलले नाहीत. मला आकडेवारी दाखवली. मी नोकरीत रोज तेच करतो, विक्रीचे आकडे, सरासरी, स्टँडर्ड डेव्हिएशन, त्यावरून पुढच्या महिन्यात माल किती मागवायचा ते ठरतं. माझ्यासारखा माणूस फोनवर पहिला प्रश्न काय विचारणार, तर "डेटा दाखवा". आणि असं विचारणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे वेगळी फाईल तयार असते हे मला आता कळलंय. तेव्हा "मी हिशोबी आहे, मला कोण फसवणार" असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचा.

सुरुवात डेमोने झाली. फ्री ग्रुपमध्ये निफ्टीचे (शेअर बाजाराच्या निर्देशांकाचे) सहा कॉल आले आणि सहाच्या सहा बरोबर. नाणं सलग सहा वेळा बरोबर ओळखण्याची शक्यता ६४ मध्ये १, म्हणजे दीड टक्का, मी मनात हेच गणित केलं आणि म्हटलं की हे योगायोगाने होत नाही. गणित बरोबरच होतं, पण ते कधी लागू होतं, तर अंदाज करणारा एकच असेल आणि तो सगळ्यांना एकच अंदाज सांगत असेल तेव्हा. समजा वेगवेगळ्या ग्रुपमध्ये मिळून ३,२०० लोक आहेत. अर्ध्यांना सांगायचं वर जाणार, अर्ध्यांना खाली. ज्यांचं चुकलं ते ग्रुप बंद करायचे, उरलेल्यांचे परत दोन भाग करायचे. सहाव्या कॉलनंतर ५० लोक असे उरतात की ज्यांनी सहापैकी सहा बरोबर आलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत, आणि बाजाराबद्दल कोणालाही काडीचीही माहिती असायची गरज नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. पैसे गेल्यावर ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने त्याच्या फोनमधला जुना स्क्रीनशॉट काढून दाखवला, त्याच दिवशी, त्याच वेळेला, त्याच स्ट्राइकला (ऑप्शनमध्ये ठरलेल्या किमतीला) मला सीई, म्हणजे भाव वर जाण्यावरचा सौदा, घ्यायला सांगितलं होतं आणि त्याला पीई, म्हणजे खाली जाण्यावरचा. खाली सही त्याच "सिनियर अ‍ॅनालिस्ट"ची. त्याचा ग्रुप दुसऱ्या दिवशी गायब झाला म्हणून तो वाचला.

डेमो बघून पैसे देऊ नका. डेमो चांगला दिसला म्हणजे तुम्ही त्या ५० मध्ये आहात, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

आता ती शीट. हाच भाग मला रात्री झोपू देत नाही. मी "मागच्या तिमाहीचा परफॉर्मन्स द्या" म्हटल्यावर त्यांनी एक्सेल फाईल न पाठवता तिचा स्क्रीनशॉट पाठवला. एकदम नीटनेटका. तारीख, स्ट्राइक, एन्ट्री (खरेदीची किंमत), टार्गेट, स्टॉपलॉस (तोटा थांबवायला विकायची किंमत), निकाल. खाली लिहिलेलं, ६१ कॉल, ५३ हिट, अ‍ॅक्युरसी ८६.९ टक्के. ५३ भागिले ६१ मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, बरोबर आलं. आणि डाव्या कडेला ओळींचे नंबर दिसत होते. २, ३, ४, ७, ८, ११, १२, १३, १७. निळ्या रंगात. एक्सेलवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, ओळींचे नंबर निळे झाले आणि मधले नंबर गायब झाले म्हणजे फिल्टर लावलेला आहे. शेवटच्या ओळीचा नंबर होता १३१. पहिली ओळ मथळ्याची सोडली तर १३० कॉल. दिसत होते ६१. उरलेल्या ६९ ओळी लपवलेल्या होत्या, आणि लपवलेल्या सगळ्या तोट्याच्या असतील तर ५३ भागिले १३०, म्हणजे ४०.८ टक्के. नाण्यापेक्षा वाईट. पूर्ण उत्तर त्या चित्रात डाव्या बाजूला छापलेलं होतं.

आणि कोणी म्हणायच्या आत सांगतो, मी ते बघितलं होतं आणि विचारलंही होतं. फोन करून स्पष्ट विचारलं की मधल्या ओळी कुठे गेल्या. तो म्हणाला, "सर, त्या कॉल्समध्ये एन्ट्री प्राइसच आली नाही, ट्रेड झालाच नाही, मग तो मोजायचा कसा?" हे उत्तर पटण्यासारखं आहे हो. खरंच असे कॉल असतात. ट्रेडिंग करणारा कोणीही हे ऐकून मान डोलावेल. खोटं बोलायचं तर असं बोलतात, नव्वद टक्के खरं. त्या क्षणी एकच वाक्य म्हणायला हवं होतं, "ठीक आहे, मग फिल्टर काढून मूळ फाईल पाठवा, एन्ट्री आली नाही ते मी माझं तपासतो." रोजच्या त्या दिवसाच्या किमती एक्सचेंजच्या साइटवर फुकट मिळतात, तपासायला एक संध्याकाळ लागली असती. तुमच्यासमोर असं चित्र आलं तर हेच वाक्य म्हणा, आणि फाईल आली नाही तर नंबर ब्लॉक करा. दुसरं काही विचारायची गरज नाही.

टक्केवारी कोणीही सांगितली की आधी छेद विचारायचा. किती पैकी? त्या "किती"मध्ये कोणाला धरलं आणि कोणाला वगळलं? आणि वगळायचं कोणी ठरवलं, निकाल लागायच्या आधी की नंतर?

"हिट" म्हणजे काय हे सुद्धा विचारा. त्यांच्या लेखी किंमत पहिल्या टार्गेटला एक सेकंद शिवून आली तरी हिट, मग तुम्ही विकू शकलात की नाही ह्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. स्टॉपलॉस लागला की मेसेज डिलीट, नाहीतर "होल्ड करा, अ‍ॅव्हरेज करा (पडलेल्या भावात आणखी घ्या)", आणि होल्ड असलेला कॉल अजून संपलेला नाही म्हणून तो तोट्यात मोजायचाच नाही. एक्सपायरीला, म्हणजे मुदत संपताना, प्रीमियम (ऑप्शनचा भाव) शून्य झाला तरी ह्यांच्या शीटवर तो "होल्ड".

पुढचं मी नंतर माझ्या ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोट (सौद्यांच्या पावत्या) काढून, ब्रोकरेज आणि एसटीटी (सौद्यावरचा कर) सगळं धरून मांडलं. एकूण ७४ ट्रेड. ४९ फायद्याचे, सरासरी फायदा १,१५०. २५ तोट्याचे, सरासरी तोटा ९,७१२. म्हणजे ५६,३५० आले आणि २,४२,८०० गेले. बघा जरा, तीनातले दोन ट्रेड मी जिंकत होतो! दर आठवड्याला वाटायचं की चाललंय की बरं, मधे एखादा फटका बसतो एवढंच. तो एखादा फटका साडेआठ फायदे खाऊन जात होता, कारण फायदा दिसला की "पार्शल बुक करा सर" (थोडं विकून फायदा घ्या) आणि तोटा दिसला की थांबा. असल्या फायद्या-तोट्याच्या प्रमाणात नुसतं बरोबरीत सुटायला ८९.४ टक्के ट्रेड जिंकावे लागतात (९,७१२ भागिले १०,८६२, स्वतः करून बघा). त्यांचा ८६.९ टक्क्यांचा दावा शब्दशः खरा असता तरी दर ट्रेडला मी पावणेतीनशे रुपयांच्या आसपास घालवतच गेलो असतो. अ‍ॅक्युरसी हा आकडा एकटा सांगणारा माणूस तुम्हाला अर्धं गणित सांगतोय. सरासरी फायदा किती, सरासरी तोटा किती, हे दोन आकडे मागा, ते नसतील तर टक्केवारीला कवडीची किंमत नाही.

२९,५०० कशावर दिले ते पण सांगतो. "प्रीमियम क्लायंट्सचा सरासरी परतावा ४१ टक्के." बार चार्ट होता, उभा अक्ष शून्यापासून सुरूच नव्हता, पण ते सोडा. दहा जण घ्या. नऊ जणांचे १० टक्के बुडाले, एकाला ५०० टक्के मिळाले. सरासरी? ५०० वजा ९०, भागिले १०, ४१ टक्के. मीडियन, म्हणजे आकडे ओळीने लावले तर मधला? उणे १०. पगार, परतावा, घरांच्या किमती, जिथे एखादा आकडा भलताच मोठा असू शकतो तिथे मीडियन मागायचा, हे मी ऑफिसात नवीन मुलांना स्वतः शिकवतो. मागितला, तर म्हणाले "टीमशी बोलून सांगतो" आणि दुसऱ्या दिवशी "आज शेवटची सीट आहे" असा फोन. मधल्या काळात आठ-दहा हजार फायद्यात होतो, म्हणून दिले.

बेस रेट, म्हणजे एकूण लोकांतले किती कमावतात, तो आधी बघा. शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास जाहीर केलाय, २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणारे एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर, त्यातले ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. २०२४-२५ चा आकडा ९१ टक्के. शंभरात सात-नऊ लोक कमावतात तिथे कोणी म्हणतो माझे बहुतेक क्लायंट कमावतात, तर पुरावा तेवढाच तगडा पाहिजे, आणि तो देणं त्याचं काम आहे.

आता तक्रारीचं ऐका. बँकेत गेलो, म्हणाले पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. मी म्हटलं बाबांनो पावतीवर एका फर्मचं नाव आहे आणि यूपीआयचे पैसे भलत्याच माणसाच्या खात्यात गेलेत, हे तरी लिहून घ्या. "अर्ज द्या." अर्ज दिला, पोच मागितली तर शिक्का मारणारा माणूस जेवायला गेलेला. पोलीस ठाण्यात गेलो तर समोरच्या साहेबांनी पहिलंच वाक्य टाकलं, "ट्रेड तुम्हीच केलेत ना? मग फसवणूक कसली?" मी शीट दाखवली, फिल्टर दाखवला, सहकाऱ्याचा उलटा कॉल दाखवला. एक्सेलची ओळ म्हणजे काय हे समजून घ्यायची सुद्धा तयारी नाही. वर "शिकलेले दिसता, तरी असं करता" हे ऐकवलं, बाकी लोक बसलेले असताना. मग सायबरकडे जा. सायबरवाले म्हणे खातं दुसऱ्या राज्यातलं, हद्द आमची नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची, मी प्रिंट काढून नेली तर ती वाचलीसुद्धा नाही, टेबलावर बाजूला सरकवली. ऑनलाइन टाकलेली तक्रार "सिव्हिल स्वरूपाची" म्हणून बंद. कोणी बंद केली, काय वाचून केली, काही पत्ता नाही. अहो खोटी आकडेवारी दाखवून पैसे काढून घेणं ही फसवणूक नाही तर मग कशाला म्हणायचं? न्याय संहितेतलं फसवणुकीचं ३१८ कलम कोणासाठी ठेवलंय? मी माझा तोटा भरून मागत नव्हतो, बाजारात पैसे जातात हे मला समजतं, मी फीचे ४१,३०० आणि त्या खात्याची चौकशी मागत होतो. तेवढंही नाही. तोपर्यंत तीच माणसं नव्या नावाने नवा ग्रुप काढून बसलीत, शीट तीच, फक्त वरचा लोगो बदललाय.

रजिस्ट्रेशन नंबरचं राहिलंच. रिसर्च अ‍ॅनालिस्टचा (सेबीकडे नोंदणी करून शेअरचा सल्ला देणाऱ्याचा) नंबर "आयएनएच"ने सुरू होतो, माझ्या पावतीवर तसा होता आणि सेबीच्या साइटवर तो सापडतोही, पण दुसऱ्याच माणसाच्या नावावर. नुसता नंबर सापडला म्हणून थांबू नका, नाव, पत्ता, फोन आणि पैसे घेणारं खातं चारही जुळवा. सेबीने ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत लोकांसाठी "व्हॅलिड" शब्द असलेले यूपीआय पत्ते आणलेत, फी मागणाऱ्याला तसला पत्ता मागा. शीटच्या खाली "फक्त शैक्षणिक हेतूसाठी" असं लिहिलं असेल तर लक्षात ठेवा, शिकवणाऱ्यांना मागच्या तीन महिन्यांतल्या किमती वापरून शेअरबद्दल बोलायला जानेवारी २०२५ मध्ये सेबीने बंदी घातली, लाइव्ह कॉल तर लांबच. पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन, रक्कम खात्यात असेपर्यंत गोठवता येते, शाखेत रांगेत उभं राहून ते तास घालवू नका.

आणि त्यांच्या शीटचे स्क्रीनशॉट कोणाकडे असतील तर डिलीट करू नका. कुठेही पाठवताना कडा कापू नका, डाव्या बाजूचे ओळींचे नंबर दिसू द्या. दोघा-तिघांच्या एकाच तारखेच्या शीट आणि उलटे कॉल एकत्र जोडता आले तर मी वकिलामार्फत थेट मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करणार आहे, कागद तयार होतायत.