वडिलांच्या आठवणींचं पुस्तक करून देणारी सेवा: बोलतं करण्यात पैकीच्या पैकी, फोटोंत काठावर पास

आण्णांच्या वर्षश्राद्धाला पाहुण्यांच्या हातात स्टीलचं भांडं द्यायचं नाही, पुस्तक द्यायचं, असं माझ्या भावाने ठरवलं. सोलापूरची एक छोटी मंडळी असं पुस्तक करून देतात. घरी येऊन सगळ्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, त्यातून मजकूर बसवायचा, जुने फोटो स्कॅन करायचे. ९६ पानं, पुठ्ठा बांधणी, पन्नास प्रती, मिळून २८ हजार रुपये. निम्मे आधी, निम्मे प्रती हातात आल्यावर. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

मुलाखतीला आलेली मुलगी पंचविशीच्या आतली, पण ऐकणारी. छापील प्रश्नांचा कागद तिने पहिल्या चहालाच पिशवीत घातला आणि माझ्या चुलत्यांना विचारलं, "बापू, एवढी ज्वारी ठेवायचा कुठं?" झालं! बापू जमिनीखालच्या धान्याच्या पेवात उतरले ते दिवेलागणीपर्यंत वर आलेच नाहीत. पेव उघडलं की लगेच आत जायचं नाही, आधी कंदील सोडायचा. विझला तर आतली हवा माणसाचा जीव घेते. कंदील तेवत राहिला की मग कमरेला दोर बांधून आण्णा उतरायचे, कारण घरात सगळ्यात काटकुळे तेच. आम्ही लेकी म्हाताऱ्या व्हायला आलो, पण हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं.

आण्णांचा जन्म १९३२ चा. शाळेत लावलेली तारीख १ जून, म्हणजे मास्तरांची कृपा. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं शिक्षण पाभरीमागे. मंगळवेढ्याची काळी जमीन, ओंजळभर पाणी द्यायला विहीर नाही, परतीच्या पावसाची ओल धरून पेरलेली मालदांडी आणि पुढे थंडीवर भरवसा. या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं हे नातवाने आण्णांना मोठ्या कौतुकाने सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "भाव किती वाढला?" हे वाक्य पुस्तकात जसंच्या तसं आलंय. त्या मुलीला मनापासून शाबासकी.

बहात्तरच्या दुष्काळाचं प्रकरण तर मी दोनदा वाचलं. ज्वारीचं कोठार म्हणवणाऱ्या गावच्या माणसाने खडी फोडायला जायचं आणि रेशनची, बाहेरदेशाहून आलेली लाल मिलो ज्वारी खायची. बैलजोडीतला एक विकला. कोणता विकायचा यावरून आई-आण्णांची जुंपली होती, आणि आईचं आजही म्हणणं आहे की चुकीचा विकला. ध्वनिमुद्रणात ती हे सांगताना पन्नास वर्षांचा राग जसाच्या तसा ऐकू येतो. छापताना मंडळींनी तो गुळगुळीत करून "दोघांनी विचारविनिमय करून निर्णय घेतला" असं केलं होतं. मी लाल पेनाने खोडलं. चाळीस वर्षं वह्या तपासल्यात, हात थांबत नाही.

आता फोटो. पहिल्या नमुन्यात मुखपृष्ठावर भाताची हिरवीगार खाचरं! ज्या माणसाने उभ्या जन्मात भात लावला नाही, तो चिखलाच्या बांधावर उभा. शेजारी गीर बैल. आमच्याकडे कायम खिलार. आण्णांचा पांढरा पटका भगवा केलेला, अंगात निळा कोट, आणि चेहरा इतका घासूनपुसून काढलेला की कपाळावरची खिळ्याची खूणसुद्धा गायब. आईने चष्मा लावून पाहिलं आणि "हे कोण?" म्हणाली. फोन केल्यावर त्या मंडळींचं म्हणणं, "मॅडम, सगळ्यांना असंच आवडतं." असेल. मूळ फोटो परत लावून घ्यायला मात्र तीन हजार जास्तीचे मोजावे लागले, हे मला अजिबात पटलेलं नाही.

शिवाय प्रस्तावना. कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ, हसतमुख. आण्णा कष्टाळू होते, बाकीच्यांबद्दल वाटणीच्या बांधावरचे शेजारी वेगळं सांगतील. त्यात "ब्रिटिश अमलाखालील सोलापूर जिल्ह्यात जन्म" असंही ठोकून दिलेलं. मंगळवेढा तेव्हा सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात होता, ते संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. आण्णा सोळाव्या वर्षापर्यंत संस्थानची रयत होते, त्यामुळे बापूंना हे वाचून भयंकर राग आला. कुळकायद्याचं पान मात्र चोख: १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कूळ असलेले आजोबा जमिनीचे मालक कसे झाले, सातबाऱ्याच्या नकलेसकट.

छपाई आणि बांधणी उत्तम, कागद जाड, अक्षर म्हाताऱ्या डोळ्यांना वाचता येईल एवढं मोठं. ठरलेल्या दिवशी प्रती पोहोचल्या.

कुणी करून घेणार असेल तर मुलाखतीसाठी हीच माणसं बोलवा, आणि आई, आत्या, चुलते आहेत तोवर बोलवा. मूळ ध्वनिमुद्रण पेन ड्राइव्हवर मागून घ्या. ते आपणहून देत नाहीत, मागितलं तर देतात. मुखपृष्ठाचा फोटो तुम्हीच द्या आणि त्याला हात लावायचा नाही असं पावतीवर लिहून घ्या. प्रस्तावना घरच्याच कुणाकडून लिहून घ्या. आणि प्रती पन्नास पुरत नाहीत. पंढरपूरच्या आत्याला मिळाली नाही म्हणून तिने भावाशी बोलणं टाकलंय, त्यामुळे आणखी वीस प्रती छापायला टाकल्यात.