ब्रोकरेज न घेणारे एजंट काका: कोथरूडमधला आमचा अनुभव

पुण्यात एजंट आणि फुकट हे दोन शब्द एकत्र ऐकले की मी आधी पर्स सांभाळते, त्यामुळे हे लिहायला मुद्दाम उशीर केलाय, म्हटलं आधी खरेदीखत हातात पडूदे मग बोलू.

तर आई कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर राहायची, लिफ्ट नाही. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार जाणार म्हणून ७ वर्षं नुसत्या मीटिंगा चालल्यात, दोन मेंबर सही करत नाहीत आणि आईचे गुडघे काही त्या दोघांसाठी थांबणार नव्हते. शेवटी ठरलं की तो फ्लॅट विकायचा, थोडी भर घालायची आणि तिथेच आसपास लिफ्टवाला वन बीएचके घ्यायचा. बजेट ७५ लाख, त्याच्या वर एक रुपया नाही.

पहिल्यांदा गाठ पडली ती एका झिरो ब्रोकरेजवाल्या मुलाशी. घ्यायला एसी गाडी, पाण्याची बाटली, मॅडम मॅडम, आणि नेलं कुठे तर लांब म्हाळुंगेला! अरे बाबा आईची भाजीवाली, डॉक्टर, भिशी सगळं कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीत आहे, तर म्हणे "मॅडम अप्रिसिएशन बघा ना." ७२ वर्षांच्या बाईला अप्रिसिएशन, म्हणजे पुढे वाढणारी किंमत. यांना चॅनल पार्टनर म्हणतात हे मला नंतर कळलं, आपल्याकडून काही घेत नाहीत कारण बिल्डर देतो. त्यात वाईट काही नाही, धंदा आहे, पण मग तो माणूस बिल्डरचा असतो, आपला नसतो, एवढं डोक्यात ठेवून गाडीत बसा.

काकांचा नंबर भिशीतल्या एका मावशींनी दिला. (नाव टाकू नकोस असं त्यांनी बजावलंय, म्हणून काकाच.) ३० वर्षं याच पट्ट्यात एजंटगिरी केली, आता धंदा मुलीकडे आणि हे स्वतः राहायला घर घेणाऱ्या साठीपुढच्या लोकांचंच काम करतात, पैसे न घेता. माझा विश्वास बसेना म्हणून त्यांचा रजिस्ट्रेशन नंबर महारेराच्या (बिल्डर-एजंटांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर टाकून बघितला, नीट निघाला. तोंडावर विचारलं पण, की का करता? तर म्हणाले "ब्रोकरेज ठरलं ना की डील व्हावी असंच वाटत राहतं हो. ३० वर्षं तेच वाटून झालं."

याचा अर्थ मला डहाणूकरच्या फ्लॅटच्या वेळी कळला. दुसरा मजला, लिफ्ट, गॅलरीसमोर गुलमोहर, ७० लाख. आईने तर पडदे पण ठरवले होते. मालकाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून फाइल काढली, काकांनी बाकी काही न बघता सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सभासदाच्या नावाचा कागद, उचललं, चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाशी धरला आणि उलटा करून मागच्या शेवटच्या नोंदीवर बोट ठेवलं.

"वडिलांच्या नावावरून तुमच्या नावावर आलंय ते नॉमिनी म्हणून. भावंडं किती?"

"दोन बहिणी आहेत, पण त्यांचं काही म्हणणं नाहीये हो."

"मग हक्कसोडपत्र रजिस्टर करून आणायला काय हरकत आहे?"

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांचा हक्क तसाच राहतो, हे मला वयाच्या ४५ व्या वर्षी त्या सोफ्यावर बसून कळलं. पुढे तीन आठवडे मालक आज आणतो उद्या आणतो करत राहिला, मग समजलं की एका बहिणीचं म्हणणं चांगलंच होतं. फ्लॅट गेला. आई दोन दिवस काकांवर रुसून होती. पण विचार करा, २ टक्के घेणाऱ्याचे तिथे १ लाख ४० हजार बुडत होते, त्याने तो कागद इतक्या प्रेमाने उलटून बघितला असता का? असतीलही तसे लोक, मला भेटले नाहीत.

शेवटी वनाज मेट्रो स्टेशनपासून चालत ५ मिनिटांवरचा फ्लॅट मिळाला, ७२ लाख. इथे अजून एक गोष्ट झाली. आम्ही सोयीसाठी आईबरोबर भावाचं नाव घालणार होतो, काका म्हणाले एकट्या आईच्या नावावर घ्या, बाईच्या नावावर घेतलं की स्टॅम्प ड्युटी १ टक्का कमी लागते, म्हणजे इथे ७ ऐवजी ६, सोबत पुरुषाचं नाव आलं की सवलत गेली. सरळ ७२ हजार वाचले. आणि वर लगेच, "नॉमिनेशनवर थांबू नका, मृत्युपत्र पण करा, मागचं बघितलंत ना." किंमत ५० लाख किंवा त्याच्या वर असली की विकणाऱ्याच्या पैशातून १ टक्का टीडीएस (त्याचा आयकर) आपण कापून भरायचा असतो हे पण त्यांनीच सांगितलं. सर्च रिपोर्ट (फ्लॅटची मालकी साफ आहे का याची तपासणी) मात्र वकिलाकडूनच घ्यायला लावला, ती फी आपली आपण.

आता तक्रारी. एक म्हणजे त्यांच्याकडे फ्लॅटच फार नसतात, अडीच महिन्यांत मोजून ४ दाखवले, फोटो वगैरे काही नाही, वहीत पेन्सिलने पत्ते. घाई असेल तर यांच्या नादी लागू नका. भाड्याचं काम करत नाहीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, माणूस अति सरळ आहे! वनाजच्या मालकाने ७३ सांगितले, मी ६८ पासून सुरू करणार तेवढ्यात हे शांतपणे म्हणाले "यांचं ७५ पर्यंत आहे, पण तुमच्या फ्लॅटला ७१ च्या वर कोण देणार नाही." मी टेबलाखालून पाय मारला तर तो आईला लागला. अहो काका, आपल्या बाजूने आहात ना तुम्ही? ७२ ला ठरलं, ७१ ला ठरलं असतं असं मला अजून वाटतं. एक स्टार त्याचा कापलाय, ५ पैकी ४.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी ऑफिसात पावणेतीन तास आमच्याबरोबर बसले, आईचा अंगठा मशीनवर उमटेना तर तिचं बोट रुमालाने पुसून देत होते. नंतर पाकीट दिलं ते तसंच परत केलं, पण झेरॉक्सचे १८० रुपये मागून घेतले, आणि ते पण सुट्टे.

आई राहायला गेली आणि पहिल्याच आठवड्यात लिफ्ट बंद. मी वैतागून काकांना फोन लावला, तर म्हणाले सेक्रेटरीकडे मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्टची पावती मागा, लिफ्ट हे माझं काम नाही.