कोरायझाच्या (कोंबड्यांच्या सर्दीच्या) लसीत गंडवलं, पोल्ट्रीवाल्यांनो बाटली बघून घ्या

2,000 पुलेट (अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या), 500 मिलीच्या दोन बाटल्या, 12,400 रुपये. टोचणाऱ्या पोरांची मजुरी वर 4,000. आणि अंडी सुरू होताच शेडमध्ये तो कुजका वास! चेहरे सुजलेले, डोळे मिटलेले, नाकाला चिकट शेंबूड. औषधाला 9,650 गेले. अंडी घटली ती वेगळीच.

माल घरपोच देणारा गोड बोलत होता. लेबल बरोबर, होलोग्राम चकचकीत, तारीख पुढची. कुणीही विश्वास ठेवला असता. पण थर्माकोलच्या खोक्यात बाटल्या थेट बर्फाला चिकटलेल्या होत्या, तिथेच सगळं कळायला हवं होतं. ही तेलातली मेलेली लस, म्हणजे मारलेल्या जंतूंची. 2 ते 8 अंशांत ठेवायची, गोठली की इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं मिश्रण, फुटतं. वर तेलाचा पातळ थर थोडा चालतो, तळाला पाणी सुटलेलं अजिबात चालत नाही. आमच्या बाटलीत बोटभर पाणी होतं. "हलवा, एकजीव होतंय," म्हणाला. झालंही. टोचणारे सिरिंज भरेपर्यंत परत फुटलं! पोरं खोळंबली होती, कोंबड्या पकडून झाल्या होत्या, अशा वेळी लस परत कोण पाठवतो?

बिल म्हणून साधी चिठ्ठी. बॅच नंबर असलेलं पक्कं बिल नसेल तर पैसे सोडूच नका.

जनावरांच्या दवाखान्यात विचारलं तर "खासगी लस आमच्याकडे येत नाही." पोलीस म्हणे, "कोंबड्या आजारी पडल्या, यात गुन्हा कसला?" औषधांच्या कार्यालयात अर्ज दिला, तर बिल मागितलं. बिलच दिलं नाही, हीच तर तक्रार! एका टेबलावरचा दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि तो माणूस आजही शेजारच्या गावात त्याच बाटल्या विकतोय.

आणखी एक: "पाण्यातून पाजा" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. राणीखेतची लासोटा पाण्यातून चालते, ती जिवंत लस. ही मानेच्या मागे कातडीखाली, अर्धा मिली, आणि एका डोसावर भागत नाही: पहिला साधारण 6 ते 8 आठवड्यांना, दुसरा 14 ते 16 ला. टोचण्याआधी बाटली खोलीच्या तापमानाला आणा, अधूनमधून हलवत राहा.

बऱ्या झालेल्या कोंबड्या जंतू बाळगून असतात. जुन्या कोंबड्या शेजारी ठेवून नवी पिल्लं भरू नका. आणि उरलेली लस फेकू नका, लेबलासकट फ्रिजमध्ये ठेवा. तक्रार पुढे गेलीच तर तोच पुरावा.