बेअर की नेकेड?

शब्दकोशात बेअर (bare) आणि नेकेड (naked) या दोन्ही इंग्रजी शब्दांपुढे ‘उघडा’ दिसतं, आणि तिथेच घोटाळा होतो. बेअर म्हणजे बहुधा एखादाच भाग उघडा. बेअरफूट म्हणजे आपलं अनवाणी. पानगळीतलं झाड, चित्राविना भिंत, बांगड्यांविना भुंडे हात, सगळं बेअर. त्यात लाजेचा प्रश्नच नाही. ‘बेअर मिनिमम’ म्हणजे अगदी जेमतेम. नेकेड मात्र थेट नागडा. संस्कृत ‘नग्न’ आणि हा शब्द एकाच मुळातले, म्हणजे लांबचे भाऊबंदच. तरी ‘नुसत्या डोळ्यांनी’ म्हणताना इंग्रजीत रूढ आहे ते नेकेड आय! मला रोजच्या वापरात बेअर जास्त कामाचा वाटतो. फक्त स्पेलिंग जपा. शेवटचा e उचलून b च्या लगेच पुढे ठेवला की त्याचं अस्वल (bear) होतं.