आठ महिने, तीन डब्या आणि चिमूटभर मीठ

एप्रिलमध्ये कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या दुकानातून जेल मॉइश्चरायझरची पन्नास ग्रॅमची पहिली डबी आणली. आता डिसेंबर चाललाय आणि तिसरी तळाला आलीय. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण यातलं बरंचसं बाजारातल्या कुठल्याही जेल मॉइश्चरायझरला लागू पडेल.

माझं कपाळ-नाक तेलकट, गाल कोरडे. रोज राजारामपुरीतून शिरोली एमआयडीसीपर्यंत स्कूटर, म्हणजे ऊन, घाम आणि धूळ तिन्ही आलं.

डबीवर मोठ्या अक्षरात हायलुरॉनिक ॲसिड लिहिलंय. मागची घटकांची यादी वाचली तर सोडियम हायलुरोनेट, म्हणजे त्याच ॲसिडचं क्षाररूप, फिनॉक्सिइथेनॉलच्याही नंतर. फिनॉक्सिइथेनॉल म्हणजे क्रीम खराब होऊ नये म्हणून घालतात ते, आणि ते साधारण एक टक्क्याच्या आतच असतं. यादीत जास्त ते आधी लिहितात, त्यामुळे त्याच्या मागे बसलेलंही बहुतेक एक टक्क्याच्या आतच. यात फसवणूक आहे असं नाही, ते थोडंच लागतं. पण बोटाला जो रेशमी स्पर्श जाणवून मी भाळले, तो त्याचा नव्हताच. तो यादीत दुसऱ्या नंबरला असलेल्या सायक्लोपेंटासिलोक्सेनचा. हे सिलिकॉन पटकन पसरतं आणि काही मिनिटांत उडून जातं. मागे डायमेथिकोन या दुसऱ्या सिलिकॉनचा पातळ थर राहतो, तो उडत नाही, म्हणून दुपारपर्यंत गाल मऊ लागतात. धाकटी बहीण म्हणते, "सिलिकॉन म्हंजे प्लास्टिकच की, त्वचेला श्वास कसा घेता येणार?" अगं, श्वास फुप्फुसानं घेतात.

मे महिन्यात मात्र गंमत झाली. सकाळी पंख्याखाली बसून लावलं की छान, आणि घाम आल्यावर लावलं की पाण्यासारखं ओघळायचं. एकदा डोळ्यात गेलं, हेल्मेटच्या आत हात घालता येईना. डबी नकली निघाली की काय, असं वाटलं. मग कुठेतरी वाचलेलं आठवून घरी बशीत नखाएवढं जेल घेतलं, वर चिमूटभर मीठ टाकलं आणि बोट फिरवलं. बघता बघता जेलचं पाणी! आईला वाटलं मी जेवणाच्या बशीत काहीतरी खेळ मांडलाय. तर कारण असं: जेलला घट्टपणा देतो तो कार्बोमर. त्याच्या लांब साखळ्यांवर सारखाच विद्युतभार असतो, म्हणून त्या एकमेकींना दूर ढकलतात, उलगडतात आणि पाणी धरून फुगतात. मिठातलं सोडियम मध्ये आलं की ते ढकलणं मंदावतं, साखळ्या आकसतात आणि पाणी सुटतं. घामातही मीठच. जाहिरातीत 'लावताच विरघळतं' म्हणतात, त्यातला बराच भाग हाच असणार. डबी अस्सल होती. तेव्हापासून तोंड धुऊन, टिपून, मगच लावते.

जुलैत वेगळी तक्रार. पावसाची झड लागली, हवाच ओली, आणि चेहरा चिकट. केस गालाला चिकटायचे. हे ग्लिसरीनचं काम: ते पाणी ओढतं आणि धरून ठेवतं. लहानपणी थंडीत आई ग्लिसरीन-गुलाबपाणी लावायची तेव्हा अंगाला गोधडीचे धागे चिकटायचे, तसंच. पावसाळ्यात मी वाटाण्याएवढ्यावरून मसुरीएवढ्यावर आले आणि प्रश्न मिटला.

सनस्क्रीनशी याचं जमेना. दोन्ही पाठोपाठ चोळलं की खोडरबराच्या चुऱ्यासारख्या बारीक वळ्या निघायच्या. सिलिकॉनचा थर आणि जेल घट्ट करणारे पदार्थ नीट वाळायच्या आधी घासले की असं होतं. मध्ये चहा होईपर्यंत थांबते आणि सनस्क्रीन चोळत नाही, थापते. आता क्वचितच निघतात.

तिसरी डबी ऑक्टोबरमध्ये आणली. खोका तोच, किंमत वीस रुपये जास्त, आणि आत वेगळंच काहीतरी! चोळताना चेहऱ्यावर साबणासारखा पांढरा फेस. जुना खोका फेकला नव्हता म्हणून बरं, दोन्ही याद्या शेजारी धरल्या. सायक्लोपेंटासिलोक्सेन गायब, डायमेथिकोन खाली सरकलेलं आणि सेटीअरिल अल्कोहोल नव्याने आलेलं. नावात अल्कोहोल असलं तरी हे मेणासारखं असतं, कोरडं करणारं नव्हे. क्रीमला अंग देतं, पण चोळताना पांढरं दिसण्याचा दोष त्याच्यासारख्या घटकांमुळे येतो, आणि तो दाबणारं सिलिकॉन इथे कमी केलेलं. खोक्यावर बदलाचा एक शब्द नाही, याचा मात्र राग आला. दुकानदार म्हणाला, "ताई, माल तोच हाय." यादी दाखवली तर चष्मा शोधायला लागला.

आता खरं सांगायचं तर या थंडीत ही नवी डबीच जास्त बरी वाटतेय. सकाळी रंकाळ्यावर फिरून आलं की पूर्वी गाल ताणायचे, ते आता होत नाही. उन्हाळ्यात हिला हात लावणार नाही. जुन्या यादीचं दुसरं काही मिळतं का, ते मार्चपासून शोधायला लागेन, आणि दुकानातच खोक्याची मागची बाजू वाचून घेईन. तळाशी उरलेलं आईनं टाचांना लावायला मागून घेतलंय.