ऑटोमॅटिक सायकल काउंट लावला, सहा महिने झाले (साडेतीन स्टार)

आधीच सांगतो, सॉफ्टवेअरचं नाव लिहिणार नाहीये. एएमसी (वर्षाचा देखभालीचा करार) अजून चालू आहे आणि त्यांच्या सपोर्टवाल्या पोराशी माझं एक दिवसाआड फोनवर बोलणं असतं, उगाच कशाला वाकडं घ्या. पण हे फीचर, म्हणजे गोडाऊनचा माल वर्षभर थोडा थोडा मोजायची यादी आपोआप काढून देणारं, हल्ली बऱ्याच ईआरपीत (स्टॉक, बिलं सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर) थोड्याफार फरकाने सारखंच मिळतं, तेव्हा कुणाला लावायचं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितोय.

आमचं गोडाऊन तुर्भे एमआयडीसीत, इलेक्ट्रिकल सामानाचं. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच), कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच), ग्लँड नि लग (केबलच्या टोकाला लागणारं सामान), वायरची बंडलं, पॅनलचं सटरफटर, सगळं धरून ४,२०० च्या आसपास आयटम. आत्तापर्यंत काय चालायचं, तर ३१ मार्चच्या आधी दोन दिवस डिस्पॅच बंद, शटर अर्धं खाली आणि अकाउंट्सपासून सेल्सपर्यंत सगळी जनता पॅड-पेन घेऊन रॅकपुढे उभी. वर पत्रा, मार्चचा घाम, पंखा एका कोपऱ्यात, आणि ज्यांना लग कुठला नि ग्लँड कुठला कळत नाही ते मोजणार. दुसऱ्या दिवशी चार वाजल्यानंतरचे सगळे आकडे अंदाजपंचे, हे सगळ्यांना माहीत असायचं पण कुणी बोलायचं नाही. मग एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात पार्टीचा फोन, ३२ अँपियरचे ४० एमसीबी पाठवा, सिस्टम म्हणते ६० आहेत आणि रॅकवर ११.

सायकल काउंट म्हणजे हेच मोजायचं काम वर्षभर रोज थोडं थोडं करायचं. ज्या मालात पैसा जास्त अडकलाय नि जो जास्त फिरतो तो ए, मधला बी, उरलेला सी. आमचं गणित असं बसलं: ए चे ४०० आयटम महिन्यातून एकदा म्हणजे वर्षाला ४,८०० मोजण्या, बी चे १,००० तीन महिन्यांनी एकदा म्हणजे ४,०००, सी चे २,८०० वर्षातून एकदा. बेरीज ११,६००, कामाचे दिवस ३०० धरले तर रोजचे ३९ आयटम. दोन माणसं, सकाळचा सव्वा तास. हे गणित कागदावर मांडलं तेव्हा आमचे सुपरवायझर काका, ज्यांनी वीस वर्षं मार्चमध्ये शिव्या घातल्यात, ते म्हणाले, "अहो साहेब, एवढंच होतं तर आधी का नाही केलं?" आता याला काय उत्तर देणार.

ऑटोमॅटिक म्हणजे काय, तर रात्री सिस्टम आपणहून दुसऱ्या दिवशीची यादी काढते, हँडसेटवर टाकते, मोजून झालं की फरक दाखवते, फरक ठरवलेल्या मर्यादेबाहेर असला तर तो आयटम पुन्हा मोजायला दुसऱ्या माणसाकडे जातो. डेमोला आलेला माणूस म्हणाला होता, एकदा सेट करा आणि विसरून जा. मी विसरलो नाही म्हणून वाचलो.

पहिला आठवडा यादीच वेळेवर येईना. मी पहाटे ५ ची वेळ टाकलेली, म्हणजे आठला पोरं आली की यादी तयार, डिस्पॅच सुरू व्हायच्या आत मोजणी खल्लास. पण यादी यायची साडेदहाला, नेमकी दोन टेम्पो लागलेले असताना. सपोर्टवाल्याचं एकच पालुपद, सर तुमचं नेट चेक करा. चौथ्या दिवशी घरी जाताना ट्रान्स-हार्बरच्या गाडीत ऐरोलीच्या आसपास उभ्या उभ्या डोक्यात आलं की पाच आणि साडेदहा, बरोब्बर साडेपाच तासांचा फरक आहे! सर्व्हरची वेळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्या साडेपाच तास मागे. आपल्याकडची रात्री साडेअकराची वेळ टाकली की झालं पाच. नाही म्हणजे उलटं, त्या बॉक्समध्ये त्यांच्या घड्याळाचे रात्रीचे ११:३० (२३:३०) टाकायचे म्हणजे आपले पहाटेचे पाच होतात, मी पण आधी घोळ घातलाच. तर सेटअप करताना पहिला प्रश्न हा विचारा, शेड्युलरचं घड्याळ कुठल्या देशात आहे.

दुसरी भानगड लॉकची. मोजणी चालू असताना माल हलू नये म्हणून सिस्टम जागा लॉक करते, बरोबर आहे, नाहीतर एक मोजतोय नि दुसरा काढतोय. पण यांनी सेटिंग ठेवलेलं झोनप्रमाणे. एक बिन (रॅकचा एक खण) मोजायचा तर सगळी ए लाइन लॉक. बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारतोय, माथाडीची टोळी बसून आहे, आणि पिकिंगवाला पोरगा मला हँडसेट दाखवतोय, "सर, हे लाल होतंय." बिनप्रमाणे लॉक करता येतं, ते सेटिंग तिसऱ्या मेन्यूत आत कुठेतरी, आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. ह्या दोन्ही गोष्टी सुधारल्यावर सलग नऊ दिवस रिपोर्ट एकदम हिरवागार. रोज ३९ पैकी ३९ बरोबर. मालक खूश, मला म्हणाले बघ उगाच इतकी वर्षं आपण स्टॉकच्या नावाने रडत होतो. मला मात्र पटेना. ज्या गोडाऊनमध्ये मार्चला शंभर आयटममागे वीस-पंचवीस चुकीचे निघायचे तिथे एकदम रामराज्य?

म्हणून मी एक केलं, संध्याकाळी सगळे गेल्यावर ए वर्गातल्या एका कॉन्टॅक्टरच्या बिनमधून तीन नग काढले नि माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवले. सिस्टममध्ये ४८, बिनमध्ये ४५. तो आयटम दुसऱ्या दिवशीच्या यादीत येणार हे बघूनच निवडला होता. सकाळी साडेनऊला रिपोर्ट उघडला. मोजले: ४८. फरक: शून्य.

पोराला बोलावलं. ओरडलो नाही, नुसतं विचारलं की कसं मोजलंस. तो अगदी सरळपणे म्हणाला, "सर, स्क्रीनवर ४८ दिसत होते, म्हणून ४८ टाकले." त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. स्क्रीनवर उत्तर छापून वर प्रश्न विचारला तर कोण गणित करत बसणार, आणि त्याला ३९ आयटम सव्वा तासात उरकायचे होते, हे टार्गेट मीच दिलेलं.

यावरचा उपाय म्हणजे ब्लाइंड काउंट, मोजणाऱ्याला सिस्टमचा आकडा दिसूच द्यायचा नाही. ऑप्शन आहे, एका टिकमार्कचं काम आहे, पण येताना तो बंद असतो. माझा एक स्टार इथे कापला. हे बंद ठेवून मोजणी करण्यात काहीच अर्थ नाही, नुसती सही करून घेण्यासारखं आहे. टिक लावली त्या दिवशी ३९ मधले ८ लाल झाले आणि मला खरंच बरं वाटलं.

मग एकेक निघायला लागलं. वायरचं उदाहरण घ्या. बंडल ९० मीटरचं. खरेदी बंडलात, विक्री कधी बंडलात कधी मीटरमध्ये, आणि स्टॉक मीटरमध्ये. पोरगा रॅकवर १४ बंडलं मोजून १४ टाकणार, सिस्टमला हवेत १,२६०. फरक उणे १,२४६ मीटर! वर कापलेलं अर्धवट बंडल असलं तर ते कुणीच धरत नाही. आता हँडसेटवर दोन बॉक्स केलेत, अख्खी बंडलं किती आणि सुटे मीटर किती, गुणाकार सिस्टम करते. सुट्या बंडलाला मार्करने मीटर लिहिलेला टॅग बांधायचा, हा नियम काकांचा.

त्याहून मजेशीर एमसीबीचं. १६ अँपियर सी कर्व्ह २४ नग जास्त आणि १६ अँपियर बी कर्व्ह २४ नग कमी. दिसायला दोन्ही सारखेच, फक्त छापलेलं एक अक्षर वेगळं. बी कर्व्ह रेटिंगच्या तिप्पट ते पाचपट करंटला झटक्यात ट्रिप होतो, सी पाचपट ते दहापटला, म्हणून मोटरच्या लाइनला सी लागतो. मागे रबाळ्याच्या एका पार्टीने तक्रार केलेली की पंप चालू केला की एमसीबी पडतो, आम्ही त्यांच्याच वायरमनला नावं ठेवली होती. आता कळलं, इनवर्डला (माल आत घेताना) दोन पेट्या उलट्या लागलेल्या नि आम्ही सी म्हणून बी दिले. तर आयटमप्रमाणे यादी आली की असले जोडीचे घोळ नजरेतून सुटतात, कारण सी आज मोजला जातो नि त्याचा भाऊ दीड महिन्याने. आम्ही शेवटी असं केलं की ए वर्गाचा आयटम यादीत आला की त्या शेल्फवरचे शेजारी पण मोजायचे. रोजचे ३९ चे पन्नासेक झाले, पण परवडलं.

का परवडलं, तर जीएसटीमुळे. माल हरवला, चोरीला गेला, खराब झाला किंवा राइट ऑफ केला तर कलम १७(५)(एच) प्रमाणे त्याचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, घेतलेलं परत करावं लागतं. म्हणजे ते २४ बी कर्व्ह 'गायब' म्हणून खर्ची टाकले असते तर शेजारच्या खणात पडलेल्या मालाचं क्रेडिट आम्ही हाताने सोडून दिलं असतं. आणि ह्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ सेटिंग काय, तर दुसऱ्यांदा मोजूनही फरक आला की आपोआप स्टॉक अॅडजस्ट! ते मी पहिल्यांदा बंद केलं. आता फरक माझ्याकडे येतो, कारण निवडल्याशिवाय पोस्ट होत नाही. कारणांची यादी पण आपली आपण बनवायची. सुरुवातीला त्यात 'इतर' होतं, महिनाभरात दहातले सात 'इतर'. उडवून टाकलं. आता चुकीची जागा, युनिटची चूक, इनवर्ड बाकी, चलन निघालं पण बिल नाही, डॅमेज, एवढीच आहेत. सगळ्यात जास्त येतं ते चलनवालं, संध्याकाळी साडेसातला माल गेला आणि बिल दुसऱ्या दिवशी. त्यात चोरी वगैरे काही नाही, नुसता आळस.

लेबलबद्दल थोडं. पैसे वाचवायला आम्ही रिबन नसलेली थर्मल लेबलं छापली, पत्र्याखालच्या वरच्या रॅकवर मे महिन्यात ती काळपट झाली नि स्कॅनर नुसता टीं टीं. रिबनवाला प्रिंटर घ्या, आधीच घ्या. पावसाळ्यात दमट पुठ्ठ्यावरून लेबल सुटतं ते वेगळंच, आम्ही आता लेबल खोक्याला न लावता रॅकच्या पट्टीला लावतो. मोबाईलच्या कॅमेऱ्याने स्कॅन होतं असं सांगतात, होतं, पण रॅकच्या अंधारात एका लेबलला दहा-पंधरा सेकंद, साधा ब्लूटूथ स्कॅनर बरा.

ऑडिटर मात्र खूश. कॅरो २०२० (कंपनीच्या ऑडिट रिपोर्टमध्ये काय लिहायचं त्याचा सरकारी आदेश) प्रमाणे त्यांना लिहावं लागतं की मॅनेजमेंटने ठरावीक काळाने स्टॉक तपासला का आणि कुठल्या वर्गाच्या मालात १० टक्के किंवा जास्त फरक निघाला का. आमच्या कंपनीला ते लागू आहे. दरवर्षी आम्ही मार्चची एक फाईल पुढे करायचो, यंदा तारीखवार मोजणी, कोणी मोजलं, दुसऱ्यांदा कोणी, सगळं मिळालं. त्यांनी स्वतः पंधरा आयटम निवडून मोजले, एक चुकला, तो पण लगचं पाकीट फुटलेलं.

सपोर्टला दोन स्टार, फोन उचलतात पण पहिलं उत्तर नेहमी नेटच असतं. फीचरला चार, ब्लाइंड काउंट आधीपासून चालू असता तर पाच दिले असते. ज्यांचे आयटम शे-दोनशेच आहेत त्यांनी ह्या भानगडीत पडू नका, टॅलीत फिजिकल स्टॉकचं व्हाउचर असतंच, वहीत फिरती यादी बनवा नि आठवड्याला मोजा.

आणि हो, ते कॉन्टॅक्टर. तीन काढले होते, परत ठेवताना दोनच ठेवले गेले. पुढच्या महिन्यात तो आयटम परत यादीत आला, त्याच पोराने मोजला, एक कमी. पुन्हा काकांनी मोजला, एक कमी. लाल होऊन माझ्या स्क्रीनवर आला तेव्हा मी ड्रॉवर उघडला. कारण निवडायला गेलो तर 'इतर' मीच काढून टाकलेलं, शेवटी 'चुकीची जागा' टाकलं. काका मागे उभे होते, काही बोलले नाहीत, फक्त चहा सांगू का म्हणाले.